माहुलची पहिली पाळी

मोबाइल टेबलावर ठेवा. पाकिटातल्या पाचशेच्या नोटाही काढून ठेवा. आपण ज्या मे महिन्यात निघालोय, त्यात पाचशेची नोट अजून चलनात आलेली नाही. चहावाला ती उलटसुलट करून परत देईल. आता अंगातला पॉलिएस्टरचा टी-शर्ट उतरवा. सुती शर्ट, सुती पँट, जाड तळव्याचे बंद बूट घाला. पॉलिएस्टर अंगावर घासलं की बारीक ठिणगी उडते आणि आज जिथं जायचंय तिथं ठिणगीला जागा नाही. खिशात काडेपेटी असेल तर आत्ताच सांगा.

झालं? चला.

साल १९८७. रविवार, पहाटेचे साडेपाच. तुम्ही घाटकोपर स्टेशनच्या पूर्वेला उभे आहात. उजाडायच्या आधीच मानेवर घाम आलाय. आरेच्या केंद्रापुढे दुधाची रांग लागली आहे, फुटपाथवर पेपरांचे गठ्ठे सुटताहेत आणि ओल्या शाईचा वास स्टोव्हच्या रॉकेलच्या वासात मिसळतोय. पलीकडच्या फरसाणवाल्याने फाफड्याचा पहिला घाणा टाकला आहे. रविवार आहे, घाटकोपर फाफड्याशिवाय उठणार नाही. थांबू नका, ती बघा कंपनीची बस. चढा. खिडकीची जागा मिळाली तर घ्या, वारा लागेल.

बसमध्ये सगळ्यांच्या मांडीवर डबे. कुणी मुलुंडहून गाडीने येऊन इथं बस पकडलेली, कुणी डोंबिवलीहून चारला उठून आलेला. तुमच्या शेजारी पन्नाशीकडे झुकलेले एक काका बसलेत, पंतनगरच्या हाउसिंग बोर्डाच्या चाळीत राहणारे. डोळे मिटूनच ते म्हणतात, "रविवारची पहिली पाळी म्हणजे रामायण बुडालं." मागून कुणीतरी हसतो. साडेनऊला अख्खं उपनगर टीव्हीपुढे बसेल. ज्याच्याकडे टीव्ही नाही तो शेजारच्यांकडे, आणि शेजारच्यांकडेही नसेल तर दुकानाबाहेर. रस्ते रिकामे पडतील. पण जो प्लांट पाचशे अंशांवर चालतो, त्याला रविवार कळत नाही. तो बंद करायला नि पुन्हा चालू करायलाच काही दिवस लागतात. म्हणून काका बसमध्ये आहेत.

अमर महल मागे पडतो. चेंबूर जवळ येतं आणि आता तुमच्या नाकाचं काम सुरू होतं. आधी डोळ्यांत किंचित झोंबतं, तो खत कारखान्याकडून येणारा अमोनिया. मग कुजक्या अंड्यासारखा एक पदर, तो कच्च्या तेलातल्या गंधकाचा. बसमधलं कुणीही नाकाला रुमाल लावत नाही. चेंबूरचे लोक आपल्या गावाला 'गॅस चेंबर' म्हणतात आणि तरी इथंच लग्नं लावतात, घरं घेतात, पोरांना शाळेत घालतात. आर. सी. मार्गावर बस एका फाटकाशी थांबते. टाकीच्या डब्यांची लांबलचक मालगाडी ट्रॉम्बेच्या बाजूने हळूहळू सरकते आहे. डबे मोजू नका, संपता संपत नाहीत.

मग अचानक खाऱ्या चिखलाचा वास. माहुल आलं. हे मुळात कोळ्यांचं गाव. ओहोटी लागली आहे. खाडीच्या काठावर दोन बायका गुडघाभर चिखलात वाकून निवट्या आणि चिंबोऱ्या धरताहेत, आणि त्यांच्या मागे आकाशात चिमण्या, मनोरे, चांदीचा रंग दिलेल्या टाक्या. पुढच्या दशकात ह्याच चिखलावर हजारोंनी रोहित पक्षी उतरू लागतील आणि लोक दुर्बिणी घेऊन येतील. आत्ता तिथं फक्त बगळे आहेत आणि त्या दोघी बायका. त्यांचं लक्ष तुमच्याकडे नाही. भरती यायच्या आत टोपली भरायची आहे.

गेटवर पहारेकरी खिसे तपासतो. काडेपेट्या, बिड्या, लायटर एका लाकडी खोक्यात जातात. डोक्यावर हेल्मेट चढतं, ते आधी कुणीतरी घातलेलं, आतल्या पट्टीला खोबरेल तेलाचा वास. ही भारत पेट्रोलियमची रिफायनरी. बर्मा शेलने १९५५ साली ती सुरू केली. शेजारीच १९५४ ची दुसरी आहे, ती पूर्वी एस्सोची होती, आता हिंदुस्थान पेट्रोलियमची. दोन्ही सरकारने घेऊन दहा वर्षांहून जास्त काळ झाला, पण जुने कामगार अजून बोलताना 'शेल' आणि 'एस्सो' म्हणूनच जातात.

इथं येणारं बरंचसं कच्चं तेल आता आपल्याच समुद्रातलं आहे. 'सागर सम्राट' रिगने १९७४ साली मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हाय शोधलं. तिथलं तेल हलकं, आणि समुद्राखालच्या नळांतून उरणमार्गे ट्रॉम्बेच्या किनाऱ्याला येतं. त्यातून निघणाऱ्या नॅफ्थ्यात, म्हणजे पेट्रोलसारख्या हलक्या भागात, ज्यांचं बेंझिन होतं ती द्रव्यं मुळातच भरपूर. ते कसं होतं, हे बघायलाच आपण आलोय.

काका पुढे चालतात, तुम्ही मागे. आवाज आधी पायांतून येतो. जमीन थरथरते आहे. कोपरा वळलात की तो कानांवर आदळतो. तो कॉम्प्रेसर, हायड्रोजन फिरवणारा. कापसाचे बोळे कानात घाला. काका आता बोलत नाहीत, हातवारे करतात. वाफेचा एक नळ कुठंतरी शिट्टी मारतोय. नळांवरच्या पत्र्याच्या आवरणातून ऊब येते, तरी हात लावू नका. मे महिन्याचं ऊन वरून आणि भट्टीचा शेक बाजूने, आणि खाडीवरून येणारा दमट वारा. शर्ट पाठीला चिकटला आहे आणि अजून आठ वाजायचे आहेत.

ही भट्टी. भिंतीत एक बारीक झरोका आहे. काका निळी काच पुढे धरतात आणि खूण करतात, वाका, पण तोंड अगदी जवळ नेऊ नका. आत बघा. उभे नळ ओळीने, त्यांच्या पायाशी ज्वाळा, आणि नळांना मंद लाल झाक. त्या नळांतून नॅफ्थ्याची वाफ आणि हायड्रोजन पळताहेत. बाहेर पडताना सुमारे पाचशे अंशांवर.

काका रोज बघतात तरी झरोक्यापाशी क्षणभर रेंगाळतात. ज्वाळा नळाला चाटते आहे का, एखाद्या जागी नळ जास्त लाल झालाय का, हे यंत्र सांगत नाही, माणसाच्या डोळ्याला कळतं. त्यांची भुवई ह्या झरोक्यांपाशी अनेकदा भाजली आहे, असं ते नंतर कँटीनमध्ये सांगतील.

भट्टीतून वाफ जाते ती ह्या जाड पोलादी उभ्या भांड्यात. आत कॅटॅलिस्ट, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ, भरलेला आहे. तुमच्या तळहातावर काका त्याचे जुने, निकामी दाणे ठेवतात. दीड मिलिमीटर जाडीचे, खडबडीत, वजनाला हलके. त्यात प्लॅटिनम आहे. हो, झवेरी बाजारातलंच प्लॅटिनम. शंभर भागांत जेमतेम ०.३ भाग, बाकी ॲल्युमिना. म्हणजे एक टन दाण्यांत तीन किलो. म्हणून निकामी झालेला कॅटॅलिस्टही कुणी फेकत नाही. तो ड्रमांत बंद होऊन प्लॅटिनम परत काढायला जातो. दाणे परत द्या.

एवढा महाग धातू तेलात वापरायचा, हे सुचायलाही धाडस हवं. व्लादिमीर हेन्सेल नावाच्या रसायनतज्ज्ञाने अमेरिकेत युनिव्हर्सल ऑइल प्रॉडक्ट्स कंपनीत ते केलं. लोक म्हणत होते, प्लॅटिनम परवडणार नाही. त्याने दाखवलं की चिमूटभर पुरतं, फक्त ते नीट पसरलेलं हवं आणि नीट जपलेलं हवं. १९४९ साली मिशिगनमध्ये पहिला प्लांट चालला. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे, कारण त्याने 'जपणं' हा रसायनाचा भाग मानला. गंधक हे प्लॅटिनमचं विष. म्हणून नॅफ्था इथं येण्यापूर्वी त्यातलं गंधक दहा लाखांत एका भागाच्या खाली आणावं लागतं. ते काढायला हायड्रोजन लागतो, आणि तो हायड्रोजन ह्याच भांड्यांतून सुटतो. एकाचं सुटलेलं दुसऱ्याचं धुणं करतं.

कॉम्प्रेसरपासून लांब, जिन्याच्या सावलीत काका जमिनीवर खडूने काढून दाखवतात. सहा कार्बनचं एक कडं, अंगावर हायड्रोजन लगडलेले. प्लॅटिनमपाशी आलं की त्यातले सहा हायड्रोजन जोडीजोडीने निघून जातात आणि उरतं ते बेंझिन. कड्याला एक कार्बनची शेपटी असेल तर टोल्युइन. सरळ साखळीसुद्धा वळून कडं होते, पण ते अवघड, त्याला वेळ लागतो. आणि हे होताना उष्णता शोषली जाते. तापल्या तव्यावर घावनाचं पीठ पडलं की तवा कसा गारठतो, तसं पहिल्या भांड्यातलं तापमान साठ-सत्तर अंशांनीसुद्धा खाली येतं. मग वाफ पुन्हा भट्टीत, पुन्हा दुसऱ्या भांड्यात, पुन्हा भट्टीत. अशा प्लांटात तीन-चार भांडी ओळीने असतात. सोप्या रेणूंचं काम पहिल्यातच उरकतं, हट्टी रेणू शेवटच्यात वठणीवर येतात.

"आणि काजळी?" तुम्ही विचारता. काकांना प्रश्न आवडतो. दाण्यांवर हळूहळू कोळसा बसतो, महिन्यामहिन्याला तापमान दोन-चार अंश वाढवावं लागतं, आणि एक दिवस शटडाऊन. मग अगदी थोडी हवा सोडून कोळसा जाळायचा, घाई न करता. घाई केली तर प्लॅटिनमच्या गाठी होतात आणि सगळं मुसळ केरात. शटडाऊनमध्ये काका घरी फक्त झोपायला जातात.

आता कंट्रोल रूममध्ये या. दार उघडताच थंड हवा. माणसांसाठी नाही, उपकरणांसाठी थंड केलेली. पण माणसांनाही मिळते. भिंतभर तबकड्या, आणि कागदाच्या पट्ट्यांवर शाईच्या सुया रेघ ओढताहेत. पाळी बदलते ती लॉगबुकवर. रात्रपाळीचा माणूस लाल डोळ्यांनी एकेक ओळ वाचून दाखवतो. दुसऱ्या रिॲक्टरचं तापमान, कॉम्प्रेसरचा दाब, एका पंपाची सील गळतेय, बदलायला सांगितलंय. काका तिथं बोट ठेवून पुन्हा विचारतात. सही झाल्याशिवाय रात्रपाळीचा माणूस खुर्ची सोडत नाही. मग तो जांभई देत म्हणतो, "चला, मी तर रामायण बघणार." काका त्याच्या पाठीत हलकेच बुक्की मारतात.

ह्या भांड्यांतून निघणारं द्रवच पेट्रोलला गुण देतं. ह्यात कडी भरपूर असल्याने इंजिन ठोके मारत नाही, ऑक्टेन वाढतं. आज अंधेरीच्या पंपावर गेलात तर तुम्हाला ८७ आणि ९३ असं दोन प्रकारचं पेट्रोल मिळेल, आणि दोन्हीत शिसं असेल. अंधेरीच्या सिग्नलला प्रीमियर पद्मिनी, बजाज स्कूटर आणि रिक्षांच्या धुरातून ते शिसं पोरांच्या छातीत जातंय. ते थांबायला अजून अवकाश आहे. १९९५ मध्ये मुंबईसारख्या महानगरांत शिसेविरहित पेट्रोल येईल, २००० साली ते देशभर जाईल. शिसं काढलं की ऑक्टेन दुसरीकडून आणावं लागतं, आणि त्यात ह्या भांड्यांचा वाटा मोठा. काकांना हे आत्ता सांगू नका. त्यांना त्यांची सील बदलून हवी आहे.

मला तुम्हाला खरं तर प्रयोगशाळेत आणायचं होतं. नमुना घ्यायला फील्डवरचा एक पोरगा निघालाय, त्याच्याबरोबर जा. वारा पाठीवर घेऊन उभे राहा, वास तुमच्यापासून लांब जाऊ द्या. तरी तो येतोच. गोडसर, हलका, डोक्यात चढणारा. पहिल्यांदा बरा वाटतो, आणि धोका तिथंच आहे. पूर्वी छापखान्यांत, गॅरेजांत लोक बेंझिनने हात धुवायचे. बेंझिन रक्ताच्या मुळावर उठतं, हाडांच्या मज्जेत घुसतं, त्यातून ल्युकेमिया होतो, हे डॉक्टरांना १९८७ मध्ये ठाऊक आहे. कामगारांपर्यंत ते सगळीकडे पोचलेलं नाही. पोराने बाटली बंद केली, बूच दोनदा तपासलं. शहाणा आहे.

प्रयोगशाळेतल्या बाई तिशीच्या असतील. बोरिवलीहून येतात, गाडी, मग पुन्हा गाडी, मग बस. रविवारची पाळी असेल तर शनिवारी रात्रीच भाजी चिरून ठेवतात. त्या तुम्हाला लांब उभं करतात आणि बर्फाचं भांडं पुढे ओढतात.

इथपर्यंत आलेलं द्रव म्हणजे खिचडी असते, कडी आणि साखळ्या एकत्र. कड्यांवरच जीव असलेला एक द्रावक त्यातून फक्त कडी उचलतो, साखळ्या मागे सोडतो. मग उंच मनोऱ्यांत ती वेगळी होतात. बेंझिन ८० अंशांना उकळतं, टोल्युइन १११ ला. तीसेक अंशांचं अंतर, म्हणून मनोऱ्याला त्यांना वेगळं करणं जमतं. पण खरोखर किती शुद्ध झालं, हे सांगतो तो ह्या बाईंच्या हातातला काचेचा नळा.

नळ्यात पाण्यासारखं स्वच्छ बेंझिन. नळा बर्फात. बाई तार वरखाली हलवत ढवळतात, डोळा तापमापकावर. बाहेर चौतीस अंश, खिडकीच्या काचेला घाम. तापमापक उतरतो, वीस, बारा, आठ. मग नळ्याच्या कडेला पांढरा कण दिसतो. पुढच्या क्षणी पारा थबकतो आणि तुमच्या डोळ्यांदेखत ते द्रव घट्ट, पांढरं, स्फटिकांनी भरतं. भर मे महिन्यात, माहुलच्या खाडीकाठी पेट्रोलच्या भावंडाचा बर्फ. शुद्ध बेंझिन साडेपाच अंशांना गोठतं. त्यात दुसरं काही मिसळलेलं असेल तर ते त्याहून खाली गोठतं. एक दशांश अंशाचाही फरक बाई सोडत नाहीत. आकडा वहीत लिहितात, पुन्हा वितळवतात, पुन्हा गोठवतात. दुसऱ्यांदा तोच आकडा आला की मग फोन.

१८२५ साली लंडनमध्ये मायकल फॅरेडेने हाच पदार्थ पहिल्यांदा वेगळा काढला. दिव्यासाठीचा गॅस दाबून भरायचे, त्या पिंपांच्या तळाशी साचणाऱ्या तेलातून. त्यानेही तो गोठवूनच शुद्ध केला होता. बाईंना हे कॉलेजात शिकवलेलं आठवतं. आत्ता त्यांना आठवतंय ते एवढंच की साडेनऊ वाजले आणि घरी मुलगी एकटीच टीव्ही लावून बसली असेल.

तुम्ही नळ्याला हात लावलात का? लावला असेल तर धुवा. "साबणाने," बाई बजावतात, "आणि नीट."

कँटीनमध्ये उसळ, पाव आणि साखरेचा पाक केल्यासारखा गोड चहा. भट्टीवरून आलेले लोक आधी दोन ग्लास पाणी घशाखाली घालतात, मग बोलतात. तीनला पाळी सुटली की गेटबाहेर टँकरांची रांग दिसेल. ड्रायव्हर टायरच्या सावलीत आडवे झालेत, बनियन टाकीच्या शिडीवर वाळताहेत. इथलं बेंझिन, टोल्युइन असंच टँकरांतून जातं. खाडीपूल ओलांडून पनवेलपलीकडे रसायनी आहे. तिथं हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्समध्ये बेंझिनचं नायट्रोबेंझिन होतं, त्याचं ॲनिलीन होतं, आणि ॲनिलीनपासून रंग, औषधं, रबराची रसायनं. शर्टाचा निळा रंग बघताना कुणाला खाडी आठवत नाही.

थोडं वाकडं वळण घेऊ. कुर्ला आणि चेंबूरच्या मध्ये ठक्कर बाप्पा कॉलनी. गल्ली इतकी अरुंद की समोरून माणूस आला तर एकाने उंबऱ्यावर चढायचं. घराघरांत हातोड्यांची टकटक, चामड्याचा ओला वास, रेडिओवर गाणं. शिडीने माळ्यावर चढा, डोकं सांभाळा. पत्रा तापलाय. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा मांडी घालून बसला आहे, ब्रशने चपलेच्या तळव्याला पिवळसर सोल्यूशन लावतोय. वास ओळखीचा आहे. तोच गोडसरपणा. सोल्यूशनमधला रबर विरघळवायला टोल्युइनसारखंच काही वापरतात, आणि ते उडून गेल्याशिवाय तळवा चिकटत नाही. उडून जातं म्हणजे ह्या माळ्यावरच्या हवेत जातं. प्रयोगशाळेत बाईंनी तुम्हाला हातभर लांब उभं केलं होतं. इथं खिडकी एकच, तीही सामानाने झाकलेली. "डोकं दुखतं का रे?" विचारा. तो म्हणेल, संध्याकाळी दुखतं, सवय आहे. ते खोकं बाजूला करायला त्याला मदत करा. अर्धी खिडकी तरी मोकळी होईल. मला ह्या सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त राग येतो तो इथं. ज्या द्रवासाठी तिकडे झरोक्यावर डोळा, नळ्यावर डोळा, गेटवर पहारा, ते गेटबाहेर पडलं की त्याच्यावर कुणाचाच डोळा नाही.

घाटकोपरला काकांनी चहाला बोलावलंय. पंतनगरची चाळ, गॅलरीत दोऱ्या, दोऱ्यांवर टेरिकॉटचे शर्ट. तळमजल्यावरच्या नळापाशी काकू रविवारचं धुणं काढून बसल्यात. बादलीत पावडरीचा फेस वर आलाय. तो फेस करणाऱ्या रेणूच्या एका टोकाला बेंझिनचं कडं असतं, आणि दुसऱ्या टोकाची लांब साखळी तेलकट मळ धरते. काका शर्टाची वरची गुंडी सोडत तिथंच उभे राहतात.

"काय झालं आज रामायणात?"

"अहो, आधी तो शर्ट ह्या बादलीत टाका आणि आंघोळ करून या," काकू म्हणतात. "पोरगं त्या वासानं तुमच्याजवळ यायला तयार नसतं. मग सांगते. आणि पाहुण्यांना वर बसायला सांगा, पोहे टाकलेत."